रोजंदारी, उक्तं आणि उचल

आमच्या सातारा भागात घराला खोली ‘बांधत’ नाहीत, ‘काढतात’. “मागच्या अंगाला दोन खोल्या काढल्या” असं सहज म्हणतात, जणू त्या घराच्या पोटात आधीपासून होत्याच आणि कुणीतरी ड्रॉवर ओढावा तशा बाहेर ओढल्या! खोली काढणं किती जिकिरीचं असतं ते ज्याने काढलीय त्यालाच ठाऊक. नातेवाईक मंडळींना माहीत आहे की २०२२-२३ च्या हिवाळ्यात आम्हीही एक काढली. आमची झोपायची खोली वरच्या मजल्यावर. सौ.च्या गुडघ्यांनी जिन्याला नकार दिल्यावर तळमजल्यावर एक खोली आणि तिला लागून न्हाणीघर-संडास, एवढंच काम. तेव्हापासून निदान पाच-सहा जणांनी विचारलं, “काका, कंत्राटदार कसा शोधलात?” उत्तर दोन ओळींत देता आलं असतं. पण पस्तीस वर्षं इतिहास शिकवलेल्या माणसाकडून दोन ओळींची अपेक्षा धरू नये. हे माझे विद्यार्थीही सांगतील.

खरं म्हणजे कंत्राटदार शोधणं हा या गोष्टीतला सोपा भाग. अवघड प्रश्न एकच, आणि तो फार जुना आहे. कुणाचे पैसे पुढे असावेत? तुमचे की कारागिराचे? तुम्ही पैसे आधी दिलेत तर काम मागे राहायची भीती, आणि त्याने काम आधी केलं तर पैसे मागे राहायची. बाकीचं सगळं, म्हणजे करार, स्टँप पेपर, हप्ते, या एका प्रश्नाची उत्तरं आहेत.

आधी शब्द पाहू, कारण शब्दांत इतिहास साठलेला असतो. ‘कंत्राट’ आपल्याकडे पोर्तुगीजांकडून आलं. ‘मेस्त्री’ही त्यांच्याचकडून आला असं मानतात. ‘मक्ता’ अरबी. ‘बिगारी’ शब्दाची कथा दुःखद आहे. बेगार म्हणजे मोबदला न देता सक्तीने करवून घेतलेलं काम, वेठबिगार. आज बिगाऱ्याला रोज मिळतो, पण नाव तेच राहिलं. आणि ज्याला आपण आज ‘लम्पसम कंत्राट’ म्हणतो त्याला अस्सल मराठी शब्द आहे ‘उक्तं’. काम एक तर रोजंदारीवर द्यायचं, नाही तर उक्तं द्यायचं. मोल्सवर्थच्या कोशात ‘उक्ता’ सापडतो, तेव्हा हा व्यवहार काही साहेबाने शिकवलेला नाही. ‘उचल’ मात्र शंभर टक्के आपली. कामाआधी घेतलेले पैसे म्हणजे उचल. मराठी मुलखात ऊसतोडीपासून वीटभट्टीपर्यंत किती आयुष्यं या एका शब्दाभोवती फिरली असतील!

कौटिल्यालाही हा प्रश्न पडला होता. अर्थशास्त्राच्या तिसऱ्या अधिकरणात, वेतन घेऊन काम न करणाऱ्या मजुराला बारा पण दंड सांगितला आहे. चौथं अधिकरण ‘कंटकशोधन’, म्हणजे समाजातले काटे काढण्याचं. त्यात पहिलाच काटा कोण असावा? कारागीर! त्या प्रकरणाचं नाव ‘कारुकरक्षण’. कारागिरांचं रक्षण असं वाटतं, पण आत वाचलं की ते कारागिरांपासून लोकांचं रक्षण आहे हे कळतं. काम कुठे, किती वेळात आणि काय करायचं हे आधी ठरलेलं असावं, आणि मुदत टळली तर मजुरी पावपट कमी, शिवाय त्या कापलेल्या रकमेच्या दुप्पट दंड. (र. पं. कंगले यांनी सिद्ध केलेली अर्थशास्त्राची प्रत १९६० च्या दशकात मुंबई विद्यापीठाने काढली. इतिहासाची आवड असणाऱ्याने एकदा तरी चाळावी.) म्हणजे मुदत टळणं ही काही आपल्या पिढीच्या नशिबी आलेली नवी गोष्ट नाही.

पण आपण आज ज्याला कंत्राटदार म्हणतो, म्हणजे कामाची जबाबदारी एका रकमेत अंगावर घेणारा आणि खाली दुसऱ्यांकडून ते करवून घेणारा माणूस, तो महाराष्ट्रात मोठ्या प्रमाणावर आला रेल्वेबरोबर. मुंबई ते ठाणे ही १८५३ ची पहिली लाइन फॅव्हिएल आणि फाउलर या इंग्रज कंत्राटदारांनी बांधली. पुढे बोरघाटाचं काम याच फॅव्हिएलकडे आलं. घाट फोडायचा, बोगदे पाडायचे, हजारो माणसं डोंगरावर. कंपनी पैसे देणार कंत्राटदाराला, तो देणार खालच्या मक्तेदारांना, ते मुकादमांना आणि मुकादम मजुरांना. एवढ्या पायऱ्या उतरता उतरता पैसा कुठे मुरतो हे मी सांगायला नको. १८५९ च्या सुरुवातीला थकलेल्या मजुरीवरून घाटात दंगा झाला. त्याच वर्षी फॅव्हिएलने काम सोडलं. मग आला सॉलोमन ट्रेडवेल. इंग्लंडहून येऊन काही आठवड्यांतच तो वारला आणि त्याची बायको अ‍ॅलिस हिने काम पुढे नेलं. जाणते इंजिनिअर हाताशी धरून तिने १८६३ मध्ये घाट पुरा केला. दख्खनची राणी घाट चढते तेव्हा या बाईची आठवण कुणाला येत असेल असं वाटत नाही. मी सहलीच्या मुलांना मात्र दर वर्षी सांगत असे.

१८५९ हे वर्ष मला आणखी एका कारणाने महत्त्वाचं वाटतं. त्याच साली सरकारने तेरावा कायदा केला. कारागिराने किंवा मजुराने कामासाठी उचल घेतली आणि योग्य कारण नसताना काम केलं नाही, तर मालकाने मॅजिस्ट्रेटकडे जायचं. मॅजिस्ट्रेटने हुकूम करायचा, पैसे परत कर नाही तर काम कर. तेही न केलं तर तीन महिन्यांपर्यंत सक्तमजुरी. म्हणजे करार मोडणं हा गुन्हा! पण लक्षात घ्या, फक्त कारागिरासाठी. मालकाने मजुरी बुडवली तर त्याला तुरुंग नव्हता. मागणी मुळात कलकत्त्याच्या युरोपीय व्यापाऱ्यांची होती. हा कायदा रद्द व्हायला १९२५ साल उजाडलं.

पुढच्याच वर्षी, १८६० मध्ये, नववा कायदा आला. रेल्वे, कालवे आणि इतर सार्वजनिक कामांवरच्या मजुरांच्या वेतनाच्या तक्रारी मॅजिस्ट्रेटने झटपट निकालात काढाव्यात असा. घाटातल्या दंग्यासारख्या प्रकारांनी सरकारला ही उपरती झाली. पण त्यातही काम सोडणाऱ्या मजुराला शिक्षा होतीच. मग १८७२ साली करार कायदा आला, जो आजही आपल्या प्रत्येक स्टँप पेपरच्या मागे उभा आहे. वर्गात मी हे तीन कायदे एकापुढे एक लिहीत असे. पाठ्यपुस्तकात ते नव्हते. पण १८५७ च्या उठावानंतर लगेच सरकारला कशाची घाई होती, हे त्यांवरून जितकं कळतं तितकं राणीच्या जाहीरनाम्यावरून कळत नाही, असं माझं मत आहे.

या धंद्यात सगळे इंग्रजच होते असं मात्र नाही. आपले जोतीराव फुले कंत्राटदार होते ही गोष्ट अनेकांना नवी वाटते. खडकवासल्याच्या धरणाच्या कामावर त्यांनी कंत्राटदारी केली. मजूर, मुकादम, इंजिनिअर आणि बिल पास करणारा कारकून या साखळीत रयतेचा पैसा कुठे गळतो हे त्यांनी जवळून पाहिलं होतं. मुंबईत सत्यशोधक समाजाला पैशाचं आणि माणसांचं बळ देणारे जाया कराडी लिंगू, व्यंकू बाळाजी काळेवार ही तेलुगू मंडळीही बांधकामाच्या कंत्राटांत होती. तेव्हा ‘कंत्राटदार म्हणजे चोर’ हे जे आपण चहा पिताना बोलून जातो, त्याला इतिहासाचा पाठिंबा नाही. (खडकवासल्याचं ते जुनं धरण १२ जुलै १९६१ ला पानशेतच्या पाठोपाठ फुटलं. पण त्यात दोष त्या जुन्या दगडकामाचा नव्हता.)

हे सगळं मोठ्या कामांचं. साध्या माणसाच्या घरापर्यंत कंत्राटदार यायला अजून शंभर वर्षं जायची होती.

माझ्याकडे आजोबांची १९३८ ची एक चोपडी आहे. त्या साली त्यांनी गावातल्या घराला मागे दोन खण वाढवले. निम्मी मोडीत, निम्मी बाळबोध. त्यात करारबिरार काही नाही. रोजची हजेरी आहे. गवंडी एक, रोज १ रुपया. बिगारी दोन, रोज ५ आणे. बाई एक, ३ आणे. दगड खाणीवरून, चुना घाणीवरून, लाकूड आजोबांनी स्वतः पारखून आणलेलं. सुतार गावचा बलुतेदार, पण एवढ्या कामाला त्यालाही वेगळे पैसे दिलेले दिसतात. गवंडी बाहेरगावचा. बारा बलुत्यांच्या याद्यांत सुतार असतो, लोहार असतो, गवंडी सहसा नसतो. रोज रोज कुणाला लागतो?

म्हणजे सगळी जबाबदारी मालकाची. भिंत ओळंब्यात आहे का हे आजोबा पाहणार, चुना नीट मळला का हे आजी ओट्यावरून पाहणार. काम लांबलं तर रोज वाढतो, भुर्दंड मालकालाच. आणि ते लांबलंच. वैशाखात गवंड्याने ‘उचल रु. ५’ घेतल्याची नोंद आहे आणि त्यापुढे ज्येष्ठ-आषाढाची पानं कोरी आहेत. गवंडी पेरणीला आपल्या गावी गेला. दोन खणांवर उसाचं पाचट टाकून तो पावसाळा काढला असं वडील सांगत. गवंडी दसऱ्यानंतर आला, ते पाच रुपये रोजात वळते झाले, काम पुरं झालं. आजोबांनी मॅजिस्ट्रेटकडे जाण्याचा विचार केल्याचं ऐकिवात नाही. तोवर तो कायदा नव्हताच म्हणा. पण असता तरी ते गेले नसते. पेरणी कुणाला चुकली आहे?

११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोयनेचा भूकंप झाला. मी तेव्हा सतरा वर्षांचा. आमच्या घराची आजोबांच्या वेळची मागची भिंत जुन्या भिंतीपासून सुटली. मध्ये हात जाईल एवढी फट. वडिलांनी दुरुस्ती केली ती पहिल्यांदा उक्ती देऊन. वडील नोकरीमुळे तालुक्याच्या गावी, रोज उभं राहायला घरी कुणी नाही. माझ्या मते उक्त्या कामाचं मूळ कारण हेच. मालकाला वेळ नसणं. ज्याला ओट्यावर बसायला सवड आहे तो रोजंदारी लावतो, ज्याला नाही तो जोखीम विकत देतो.

आमचं सध्याचं घर १९८४-८५ चं. तोवर दुसरीच अडचण. सिमेंट! आजच्या मुलांना खरं वाटणार नाही, पण सिमेंटसाठी परवाना लागे. जानेवारी १९८२ मध्ये मुख्यमंत्री अंतुले यांना राजीनामा द्यावा लागला त्या वादाच्या मुळाशीसुद्धा सिमेंटचं वाटप होतं. त्याच वर्षी फेब्रुवारीअखेर नियंत्रण अर्धवट उठलं आणि परवान्याचं व खुल्या बाजारातलं असे दोन भाव झाले. पूर्ण मोकळीक मिळाली १९८९ मध्ये. तेव्हा आम्ही मध्यममार्ग धरला. माल आमचा, मजुरी चौरस फुटावर उक्ती. मी शाळा सुटल्यावर पोती मोजायचो, सौ. घमेली मोजायची. वाळू ब्रासने, म्हणजे शंभर घनफुटाने. ट्रकमधली वाळू ओली करून आणतात आणि ती फुगलेली असते हे मला एका माजी विद्यार्थ्याने शिकवलं, जो स्वतः वाळूच्या धंद्यात होता!

सिमेंट खुलं झालं आणि माझ्या पाहण्यात तरी त्यानंतरच आमच्या कॉलनीत ‘मटेरियलसकट’ची पद्धत रुजली. सिमेंट, सळई, वाळू, मजूर, सगळं त्याचं. आपण फक्त किल्ली घ्यायची. आजोबांच्या चोपडीतली सगळी पानं एका आकड्यात मिटली.

आमच्या खोलीचा आकडा होता साडेपाच लाख. तिघांकडून अंदाज घेतले. एकाने कागदाच्या चिठोऱ्यावर नुसती रक्कम लिहून दिली, त्याला तिथेच नमस्कार. दुसऱ्याचा आकडा सर्वांत कमी, पण सळई किती मिलिमीटरची हे विचारल्यावर “सर, तुम्ही काळजी करू नका” म्हणाला. हे वाक्य ऐकलं की काळजी करावी. तिसऱ्याने दोन जुनी कामं दाखवली. मी एकटा परत जाऊन त्या घरांतल्या बायकांना विचारलं, कारण पुरुष भिंत दाखवतात, बायका न्हाणीघराचा उतार कुठल्या बाजूला आहे ते सांगतात. दोघींचं मत एकच पडलं. काम चांगलं, पण मध्येच पंधरा दिवस गायब होतो. या तिसऱ्यालाच काम दिलं. नगरपालिकेच्या परवानगीवर स्वतंत्र लिहावं लागेल, इथे नको.

करार मीच लिहिला. इसार दहा टक्के, जोतं झाल्यावर वीस, भिंती झाल्यावर वीस, स्लॅबला पंचवीस, गिलावा-फरशी झाल्यावर पंधरा, आणि शेवटचे दहा एक पावसाळा काढल्यावर. ही काही माझी अक्कल नव्हे. बांधकाम खात्यात मोजमाप करून बिल द्यायची आणि थोडी रक्कम मागे ठेवायची रीत फार जुनी. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारीच्या भूकंपानंतर तर ती घराघरात गेली. ५२ गावं नव्या जागी वसवली, ती कामं संस्थांनी आणि कंत्राटदारांनी केली. पण त्याबाहेर लाखांवर घरं मालकांनी स्वतः दुरुस्त केली. सरकारी मदत टप्प्याटप्प्याने, काम तपासून. आमच्या एका नातलगांचं घर त्या बाजूला होतं. घरातल्या बाईने ज्युनिअर इंजिनिअरला हाताला धरून कोपऱ्यातली सळई दाखवल्याची गोष्ट ते कौतुकाने सांगत. मुदतीबद्दल मी दंडाचं कलम घातलं नाही. करार कायद्याच्या ७४ व्या कलमाप्रमाणे तुम्ही दिवसाला पाच हजार लिहा नाही तर पन्नास, कोर्ट वाजवी तेवढीच भरपाई देतं. आणि रेरा, २०१६ चा, तो सदनिका विकणाऱ्या बिल्डरसाठी. आपल्याच अंगणात खोली काढून घेणाऱ्याला ग्राहक न्यायालय. गृहबांधणी ही ‘सेवा’ आहे हे १९९३ पासून पक्कं झालं आहे.

जोतं झालं, भिंती झाल्या, स्लॅब पडला. पंचवीस टक्के मी त्याच दिवशी दिले. एक लाख सदतीस हजार पाचशे. आणि त्या दोन बायकांनी सांगितल्याप्रमाणे कंत्राटदार गायब! मजूर चौघे होते. दोन गवंडी, एक बिगारी आणि त्यांतल्या एका गवंड्याची बायको. विजापूरकडचे. अंगणातच पत्र्याच्या आडोशाला राहायचे. ते कुठे जाणार? स्लॅबला पाणी मारत, उरल्या भिंती घासत बसले. आठ दिवस गेले. मग आठवड्याच्या बाजाराच्या आदल्या संध्याकाळी ती बाई सौ.कडे आली. “आज्जी, बाजार हाय उद्या. सोळा दिस झालं, खर्चीच दिलीय नुसती.” तिचा आवाज मागणाऱ्याचा नव्हता, सांगणाऱ्याचा होता.

मी हिशोब केला. दोन गवंडी नऊशेप्रमाणे, बिगारी सहाशे, बाई साडेचारशे. सोळा दिवसांचे पंचेचाळीस हजार सहाशे. खर्ची वजा जाता साधारण अडतीस हजार. हे पैसे मी एकदा दिलेले होते. करारात माझा या चौघांशी काही संबंध नव्हता. १९९६ साली बांधकाम कामगारांसाठी खास कायदा झाला होता (नोव्हेंबर २०२५ मध्ये तो नव्या श्रमसंहितांत विलीन झाला), पण त्यातून दहा लाखांपर्यंतचं स्वतःच्या घराचं काम वगळलेलं होतं. दुसरे कायदे होते, पण ते लेबर ऑफिसात खेटे घालायला सवड असणाऱ्यासाठी. उद्याच्या बाजाराला कुठलं कलम लावणार?

कंत्राटदाराला फोन लावला. उचलला, हे त्याचं मी मान्य करतो. तो म्हणाला, “सर, पुढच्या साईटचं बिल अडकलंय. तुमचा स्लॅबचा हप्ता तिकडच्या सळईला गेला. सोमवारी बघतो.” त्याच्या बोलण्यात लबाडी नव्हती. या धंद्यात लहान कंत्राटदाराला बँक दारात उभं करत नाही. तो चालतो तो घरमालकांच्या उचलींवर. माझ्या हप्त्यावर आधीच्या माणसाचं घर पुरं होतं आणि माझं पुरं होणार पुढच्याच्या इसारावर. साखळीतला एक हप्ता चुकला की सर्वांत खालचा माणूस उपाशी. बोरघाटात पायऱ्या जास्त होत्या, इथे दोनच, एवढाच फरक.

मी त्याला म्हटलं, “तुमचा हिशोब तुमच्यापाशी. यांचा बाजार उद्या आहे. यांची मजुरी मी देतो आणि गिलाव्याच्या हप्त्यातून वळती करतो. हरकत असेल तर आत्ता सांगा.” तो चिडला. “असं केलंत तर माणसं माझं ऐकायची नाहीत,” म्हणाला. यात तथ्य होतं. मुकादमाची सत्ता कशात असते, तर पैसे त्याच्या हातून जाण्यात. सौ.ने दुसऱ्या बाजूने विचारलं, “आणि तो परत आलाच नाही तर? अडतीस हजार दोनदा गेले म्हणून समजायचं?” तेही खरं होतं. पेन्शनीतले अडतीस हजार आमच्यासाठी लहान रक्कम नाही, आणि खोलीवर अजून दारं-खिडक्या यायच्या होत्या.

पण अंगणात चूल पेटली नाही तर मी घरात जेवायला कसा बसणार होतो? सकाळी बँकेतून रोख आणली. वहीत चौघांची नावं लिहिली, दिवस लिहिले, रक्कम लिहिली, तिघांच्या सह्या आणि एक अंगठा घेतला. पानाचा फोटो कंत्राटदाराला पाठवला. बाई बाजारातून येताना सौ.साठी मेथीची जुडी घेऊन आली. पैसे घेईना.

कंत्राटदार पाचव्या दिवशी आला. घुश्शात होता, पण आला. वही मागून घेतली, बोटाने आकडे तपासले आणि म्हणाला, “बिगाऱ्याचे दोन दिवस जास्त लागलेत, तो गावाला गेला होता.” बिगाऱ्याला बोलावलं, त्याने मान्य केलं. बाराशे रुपये पुढच्या रोजात वळते झाले. नंतर गिलाव्याच्या हप्त्यातून अडतीस हजार कापून उरलेले साडेचव्वेचाळीस मी दिले तेव्हा त्याने काही न बोलता पावती दिली.

आता सांध्याबद्दल सांगायला हवं, कारण वाढीव कामात खरा शत्रू तोच. नवी खोली जुन्या घराला टेकते तिथे. जुनं घर सदतीस वर्षं बसलेलं, नवं अजून बसायचं. दोन्ही भिंती दात घालून एकमेकींत गुंफल्या तर नवी बसताना जुनीला ओढते आणि भेग पडते. १९६७ ला आमच्या गावच्या घराची फट नेमकी अशाच जागी पडली होती. म्हणून मी दोन भिंती वेगळ्याच ठेवायला सांगितल्या. मध्ये बोटभर जागा, वरून पत्र्याची पट्टी. कंत्राटदाराला ते पटलं नव्हतं. “सर, लोक जोडूनच घेतात,” हे त्याचं म्हणणं. तरी केलं.

जुलै २०२३ मध्ये तिथून पाणी आलं. भेग नव्हती. पत्र्याची पट्टी जुन्या भिंतीत पुरेशी खोल बसवली नव्हती, तिच्या मागून पाणी उतरत होतं. फोन केला. करारातले शेवटचे दहा टक्के, पंचावन्न हजार, अजून माझ्याकडे होते. तो चार दिवसांनी उघडीप बघून आला, बरोबर तोच विजापूरचा गवंडी. जुन्या भिंतीत खाच मारून पट्टी आत घातली, वरून गिलावा केला, आणि दोन बादल्या पाणी ओतून दोघे आत जाऊन भिंतीला हात लावून उभे राहिले. कोरडी. गवंड्याची बायको नव्हती आली, बाळंतपणाला माहेरी गेली होती. सौ.ने त्याच्याकडे तिच्यासाठी साडी दिली.

दसऱ्यापर्यंत पाऊस रेंगाळला. पंचावन्न हजारांचा चेक मी त्यानंतरच्या सोमवारी दिला.